शीट क्रमांक ४१७

कपाट उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो,
मग कागदाचा,
आणि अगदी नाक लावलं तर
ऐंशी वर्षांपूर्वीच्या वरळीचा.

मनोरमा कोठारे, एम. एस्सी.
खाली शिसपेन्सिलीने:
पौष अमावास्या, १९४४. पहाटे पावणेसहा. सुकती.
खडपाच्या उत्तरेकडची तिसरी खोबण,
पाणी घोट्याच्या वर चार बोटं.
शेवाळाचा रंग जांभळट तपकिरी. वाळल्यावर राहणार नाही,
म्हणून इथेच उभ्याने लिहिते आहे.

घोटा, बोटं. ही तिची मापं.
कॉलेजात थर्मामीटर एकच होता
आणि तो मुलांच्या सहलीबरोबर माथेरानला गेला होता.
वहीत हे उद्गारचिन्हाशिवाय नोंदलेलं आहे.

भरतीचं गणित कुणी शिकवलं, तेही आहे:
धाकलीबाई, कालवं काढणारी.
तिथीची पाऊणपट कर, म्हणाली,
तेवढ्या वाजता पाणी भरतं.
कोठारेबाईंनी महिनाभर बंदराच्या तक्त्याशी ताडून पाहिलं.
समासात शेरा: बारा मिनिटांचा फरक.
चूक कुणाची ते अजून ठरत नाही.

मी पाच मिलिग्रॅम मागायला गेले होते.
पाटकरांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मेलेल्या माणसाच्या केसांची बट मागावी.
कडेचं घ्या, म्हणाले, टोकाला हात लावू नका.
शीटखाली अजून तेव्हाचं वर्तमानपत्र,
रॉकेलच्या रांगा, साबणाची जाहिरात,
एका शिपायाचा मिठाने खाल्लेला अर्धा चेहरा.

नावापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं.
शीट बोटीने विलायतेला गेली,
तिथल्या जाणकाराने लाल शाईने ते खोडलं,
बाजूला लिहिलं: निश्चित.
बोटीनेच परत आली.
आणि त्या लाल रेघेच्या खाली, बारीक,
मुंगीएवढं,
तिने पुन्हा काढलेलं आहे प्रश्नचिन्ह.

त्याच नावाने ते पुस्तकांत छापलं गेलं.
मीही परीक्षेत तेच लिहिलं, दोन गुण मिळाले.

शुक्रवारी रात्री पावणेदोनला निकाल आला.
प्रयोगशाळेत मी, फ्रीजची घरघर
आणि पडद्यावर चार अक्षरांची लांबलचक माळ.
हे ते नव्हेच.
जवळपासचंसुद्धा नव्हे.
मला कुणाला तरी फोन करायचा होता,
पण जिला करावा तिचा नंबर
कुठल्याच डिरेक्टरीत राहिलेला नाही.

आमच्या निबंधाला लेखक सात.
ती आहे ‘साहित्य आणि पद्धती’त,
तीन आकडी.
मी नव्या जातीला तिचं नाव सुचवलं.
परीक्षक म्हणतात, हरकत नाही,
पण जिवंत नमुना मिळाला तर बरं.

म्हणून अमावास्येला, तिथीची पाऊणपट करून,
सहा तास मागे मोजून, वरळीला गेले.
तिसरी खोबण सापडली नाही. पहिलीही नाही.
तिथे सिमेंटचे चौपायी ठोकळे आहेत
आणि त्यांच्या वरून, अंधारातही, भरधाव गाड्या.
पहारेकरी म्हणाला, मॅडम, काय पडलं का तुमचं?
मी हो म्हणाले. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.
त्याने बॅटरी धरली.

दोन ठोकळ्यांच्या फटीत, प्लॅस्टिकच्या दोरीला धरून,
करंगळीएवढं काहीतरी होतं.
जांभळट? बॅटरीच्या उजेडात सगळंच जांभळट दिसतं.

थर्मामीटर होता माझ्याकडे, आकडे दाखवणारा.
ते आकडे लिहिले. मग सलवार वर खोचून
तिच्यासारखं पाण्यात उभी राहिले, हात खाली नेला.

घोट्याच्या वर सहा बोटं.
माझी बोटं बारीक असतील.
तसंही लिहिलं, शिसपेन्सिलीने,
आणि नावाच्या जागी फक्त तिचं ते चिन्ह.