अर्ध्याच्या वरचं

रात्रीचे अडीच. तिबिलिसीतल्या सोलोलाकीच्या चढावर
गाड्या झोपल्या की मगच नळ बोलतात,
म्हणून आम्ही याच वेळी निघतो.
बाबांच्या खांद्यावर अक्रोडाची काठी,
माझ्या खिशात काड्यापेटीएवढा संगणक
आणि त्याला पोसणारी बॅटरी.
अ‍ॅडाप्टर लावला की पन्नास हर्ट्झ गुणगुणत बसतो,
एवढं पहिल्याच आठवड्यात शिकले.

ओतिआ. पाणीखात्याचा कान, छत्तीस वर्षं.
काठीचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून असा उभा, जणू
लोखंड त्याच्याकडे हळूच उसने मागतंय.

मी चकती चिकटवते. सेकंदाला सोळा हजार वेळा
विचारते, आता किती? आता किती? आता?
मधल्या फटींत काय झालं ते मला कळत नाही,
मी ठिपके जोडते
आणि त्याला पाणी म्हणते.

पडद्यावर नऊशेपाशी सुळका.
"इथेच. सात नंबरसमोर. खणायला सांगा."

बाबांनी काठी टेकवली. बराच वेळ.
"इथे काही नाही."
"आहे. बघा ना."
"बघू कशाला? ऐकतोय."

गेल्या वर्षीचा त्यांच्या कानांचा रिपोर्ट माझ्याच कपाटात आहे,
चार हजारांनंतर रेघ कड्यावरून पडलेली.
मी काही बोलले नाही. मनातल्या मनात मात्र
त्यांना तिथेच, त्या उतारावर, निवृत्त केलं.

मग टोपी काढली, आणि वर पाहिलं.
नवा एलईडी दिवा.
डासापेक्षा बारीक, दात शिवशिवतील अशी
त्याची किणकिण. पंधरा हजार शंभर.

सोळाचं अर्धं आठ. त्याच्या वरचं जे येतं
ते बाहेर राहत नाही,
दुमडतं, आणि दुसऱ्याचे कपडे घालून आत येतं.
सोळा हजारांतून वजा करा. नऊशे.
दाराशी गाळणी लावायला मी विसरले होते.

त्यांचं दार मात्र गेली कित्येक वर्षं
आपोआप लागत आलं होतं.

अकरा नंबरला, पाववाल्याच्या पायरीखाली
बाबा थांबले. "ही बघ. शिट्टी नाही, कुजबुज."
मी चकती हलवली.
चारशेपासून बाराशेपर्यंत, सुळका नव्हे,
ओलसर, पसरट टेकडी.

सकाळी स्वयंपाकघरात डाग देत होते,
एक रेझिस्टर, एक कपॅसिटर.
"हे काय?"
"तुमचं वय."
"केवढ्याला?"
"चाळीस तेत्री."
"मग दोन घे," म्हणाले,
आणि चहात साखर ढवळत राहिले.
चमच्याची किणकिण त्यांना ऐकू येत नाही,
त्यामुळे जरा जास्तच वेळ.