टिचकी

उद्यमनगरात बाप भंगार निवडायचा.
भट्टीत काय जाणार, काय नाही
हे त्याच्या मधल्या बोटावर ठरायचं.
बंद डबा दिसला की टिचकी मारायचा,
मान वाकडी करून ऐकायचा,
आई कुंभाराकडं माठ घेताना ऐकते तसा.
"खण्ण आलं तर टाक.
बद्द आलं तर हात लावू नगंस."

एकदा एक डबा खण्ण वाजला.
आत नुसती वाफ होती,
कशाची, ते नंतरही कळलं नाही.
तेव्हापासून सर्जेराव सुताराचा डावा कान गेला
आणि खांद्यात हरभऱ्याएवढं लोखंड राहिलं.
डॉक्टर म्हणाले, असू दे, काढताना हात जाईल.

मीही टिचकीच मारते,
विद्यापीठाच्या मागल्या इमारतीत, पगारी.
आज गोकुळ शिरगावच्या बंद कारखान्यातला निळा कॅन,
लेबल उन्हानं पांढरं पडलेलं.
झाकण न उघडता चुंबकाच्या पोटात सरकवला.
आतले अणू तालमीतल्या पोरांसारखे
एका दिशेला तोंड करून उभे राहतात,
मग एक लहर येते, सगळ्यांना आडवं करते.
खरी गंमत उठण्यात आहे.
तेल झटकन उठतं,
पाणी अंगावरची माती झाडत, सावकाश.
जो तो आपल्या चालीनं उठतो, चाल लपवता येत नाही.

कॅनमधलं पाण्यासारखं दिसत होतं,
पाण्यासारखं उठलं नाही.
मी लाल चिठ्ठी चिकटवली, हात धुतले,
आणि दारात बाप.
जेवणाचा डबा विसरले होते, तो घेऊन आलेला.

पिवळ्या पट्टीशी त्याला थांबवलं.
"का गं?"
खांद्यातलं लोखंड, म्हटलं. चुंबक ओढंल.
"आजून वळखतंय व्हय मला," म्हणून हसला.
मग बराच वेळ मशीनकडं बघत राहिला.
"पत्र्याच्या डब्यातलं कळतंय ह्येला?"

नाही.
प्लास्टिक, काच चालते.
पत्र्यातून लहर आत जात नाही.

"म्हंजे माझा डबा…"
पुढं बोलला नाही. मीही नाही.

जाताना दाराला टिचकी मारली,
उजवा कान लावला.
"आतनं पोकळ हाय ह्यो," म्हणाला,
आणि जिना उतरायला लागला.

बरोबर होतं त्याचं.