वर जायला वीस तेत्री

आमच्या ग्ल्दानीच्या इमारतींत
वर जायला पैसे पडतात.
लिफ्टच्या आत एक डबा, डब्याला फट,
वीस तेत्रीचं नाणं टाकलं की नववा मजला.
उतरायला फुकट.
तीस वर्षं मी हे डबे उघडतोय, दोर तपासतोय, ग्रीस लावतोय.
पडणं म्हणजे काय, ते मला विचारावं.

तेक्ले सात वर्षांची असताना
तिच्या आईने तिला नाचाच्या वर्गात घातलं.
आमचा जुना नाच. झगा जमिनीपर्यंत,
आत पावलं इतकी बारीक
की पाण्यावरून दिवा जावा तशी बाई सरकते.
पाय दिसला की चुकलं.
बारा वर्षं माझ्या मुलीचे पाय कुणी पाहिले नाहीत.
मीही नाही.

मग तिला रुसुदान भेटली,
बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्यात,
जिथे जानेवारीत बोलणाऱ्याच्या तोंडून वाफ निघते.
रुसुदानने तिला अनवाणी उभं केलं,
भोवती एक फेरी मारली,
म्हणाली, छान उभी आहेस. आता पड.

तिला पडता येईना.
वाकायची, हात टेकायची,
पाहुण्यापुढे ताट ठेवावं
तशी स्वतःला खाली ठेवायची.
हे पडणं नाही, रुसुदान म्हणायची,
हे उतरणं झालं.

घरी तिने गादी ओढली मधल्या खोलीत.
रात्री धप्. जरा वेळाने पुन्हा धप्.
खालची लामारा झाडूच्या दांड्याने छत ठोकू लागली.
मी जिन्यात तिला गाठलं. म्हटलं, पोरगी शिकतेय.
काय?
पडायला.
ते शिकावं लागतं? लामारा म्हणाली,
आणि पिशवी उचलून वर गेली, पायीच.

तिची आई इटलीत एका म्हातारीला सांभाळते.
फोनवर म्हणाली, इथे कुणी पडू नये
याचा मला पगार मिळतो, आणि ही बघा.
मायलेकी हसल्या.
मग बराच वेळ फोनवर कुणीच नव्हतं.

एकदा तेक्लेने विचारलं,
बाबा, दोर तुटला तर लिफ्ट कशी पडते?
पडत नाही, म्हटलं.
खाली दोन जबडे असतात. वेग वाढला
की आपोआप रुळांना चावतात.
त्या जबड्यांवरच तर माझं पोट चाललंय.
ती स्वतःच्या मांड्यांकडे बघत राहिली.
म्हणाली, माझे काढायला हवेत.

चार वर्षं गेली त्यात.
सकाळी कॉफीच्या दुकानात कप विसळायचे,
दुपारपासून कारखाना.
नडगीवर निळं, त्याच्या कडेला पिवळं.
बाहेरून आलेल्या एका माणसाने
सतरा नंबर म्हणून हाक मारली, आभार मानले,
तो नंबर तिने फ्रीजवर चिकटवला, अजून आहे.
कधी ते अंगवळणी पडलं, मला कळलं नाही.
लामाराने ठोकणं थांबवलं, एवढं कळलं.

मे महिन्यात मी पहिल्या रांगेत बसलो, कोट घालून.
नाच मला समजत नाही. मी मोजत होतो.
एकेचाळीस वेळा पडली.
यंत्र ऐकतात तसं ऐकत होतो,
कुठे घासतंय का, कुठे धक्का बसतोय का.
शेवटच्या वेळी आवाजच आला नाही.
माझ्याकडे तिचे तळवे होते,
काळे, भेगाळलेले, अगदी माझ्या हातांसारखे,
आणि दिवे मुद्दाम त्यांच्यावरच सोडलेले.

रात्री तिच्या पर्समध्ये घडी केलेला करार होता,
शिक्का, सही, वर्षभराचा पगार.
लिफ्टमध्ये मी नेहमीसारखी माझी किल्ली काढली.
आम्हाला नाणं लागत नाही.
तिने माझा हात धरला,
स्वतःचं नाणं टाकलं.
ते आत पडल्याचं दोघांनी ऐकलं.

चौथ्यापाशी लिफ्ट जरा अडखळते, तशी अडखळली.
मी दांडा धरला.
तिने गुडघे सैल सोडले.