तेराशे दहा

पाषाणच्या प्रयोगशाळेत, रात्री पावणेदोनला
चिलरचं पाणी अडलं
आणि भट्टी आपोआप थांबली.
पडद्यावर आकडा: तेराशे दहा.
जायचं होतं अठ्ठावीसशेपर्यंत.

निजामपूरकर म्हणाले, "आर्गॉन चालू ठेवतो, मॅडम.
गरम असताना हवा लागली तर राखच हातात येईल."
मग स्टुलावर बसून त्यांनी डबा उघडला,
शेंगदाण्याची चटणी, सकाळची भाकरी.
त्यांचे वडील तांबट आळीतले.
तांबं ठोकून ठोकून ताठरतं, म्हणाले,
मग परत जाळात घालायचं, म्हणजे ऐकतं.
"तुमचा धागा कधी ऐकणार?"

माझा धागा आधी पांढरा होता.
अडीचशेवर, मोकळ्या हवेत,
पिवळा, तपकिरी, काळा होत
वितळायचं विसरला.
हजारापर्यंत त्यातला नायट्रोजन बहुतेक निघून गेला,
निम्मं वजन गेलं,
राहिले कार्बनचे इवले पदर, चुरगळलेले,
कुणाचं तोंड कुणाकडे नाही.
आणखी ताप दिला की ते सरळ होतात,
इस्त्रीच्या घड्यांसारखे थरावर थर,
आणि मधल्या फटींतून लिथियम
रांगेत आत जातं, रांगेत बाहेर येतं.
प्रबंधात मी पानंच्या पानं हेच लिहिलं:
जितकी आच, तितकी शिस्त.

तो अर्धवट घाणा मी कचऱ्यात टाकत होते.
"राहू द्या," निजामपूरकर म्हणाले,
"आमच्याकडे मोड कुणी फेकत नाही."

तीन आठवडे तो बाटलीत पडून होता.
मग एका रिकाम्या दुपारी, काही सुचेना म्हणून,
त्याचा ॲनोड केला, समोर सोडियम लावलं.
सोडियम अंगानं थोराड.
ग्रॅफाइटच्या नीटनेटक्या घरात
त्याला कुणी उंबरा ओलांडू देत नाही.
इथे मात्र
चुरगळलेल्या पदरांच्या कोनाकोपऱ्यांत,
बंद पोकळ्यांत,
ते जाऊन बसलं.
आलेखाची रेघ खाली आली
आणि मग आडवी, लांबच लांब,
मी चहा पिऊन परतले तरी आडवीच.

"म्हणजे कमी तापवायचं?"
किती कमी, ते मला माहीत नव्हतं.
बाराशे, चौदाशे, सोळाशे,
सगळं पुन्हा करायचं होतं.

नोंदवहीत त्या रात्रीपुढे
त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय: बिघाड.
मी ते खोडलं नाही.
शेजारी फक्त तापमान लिहिलं.