दातखीळ

मी दात बनवते.
रोसारियोत, बुटांच्या दुकानामागे, अडीच टेबलांची जागा.
लोकांचे जबडे प्लास्टरमध्ये येतात, नाव-नंबरासकट,
आणि मला कळतं
कोण पेन्सिल चावतं, कोण बाटलीचं बूच दातानं काढतं,
कोण झोपेत रात्रभर कुणाशी तरी भांडतं.

मार्चमध्ये माझाच साचा आला टेबलावर.
डॉक्टर इबार्राने घेतलेला, दाढ दुखते म्हणून.
नाव झाकून दाखवला असता
तर म्हटलं असतं, ही बाई खडी दळते.
तो म्हणाला, नेलिदा, रात्री घालायला पट्टी देतो,
पण हे काम माझं नाही.
कुणाशी तरी बोल.

बोल म्हणे!
अकरा महिने आम्ही फ्रिजच्या दारावर बोलतोय.
गॅसचं बिल भर.
मांजराला गोळी, अर्धीच.
तुझी बहीण येऊन गेली.
एवारिस्तो वाईट नाही, हे आधी सांगते,
त्याने कधी हात उगारला नाही, पैसे लपवले नाहीत.
तो एक दिवस बोलायचा थांबला
आणि मी विचारायची.
आधी कोण, ते आता कुठल्याच साच्यात दिसणार नाही.
आणि तक्रार कुणाची करायची? आपलेच दात, आपलेच ओठ.

आमच्याकडे प्रत्येकाची कुणीतरी असते.
भाचीची आहे, बेकरीवाल्याची आहे,
बेकरीवाल्याच्या आईची आहे, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.
पण नंबर मागितला की सगळे मूठ आवळतात,
"ती माझी आहे गं, तुला दुसरी बघू."

दुसरा होता ल्युबिन्स्की. जाड गालिचा, जाड मिशा.
मी बोलले, तो गप्प.
मी गप्प, तो आणखी गप्प.
गप्प पुरुष माझ्या घरी आहे, आणि तो पन्नास मिनिटांचे पैसे घेत नाही.

मग पडद्यावरची एक मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची.
चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर.
मी मोजले. ती म्हणाली, मस्त!
पडदा विझवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली,
का, ते अजून सांगता येत नाही.

विमा कार्यालयातल्या बाईने विचारलं, तातडीचं आहे का?
मी म्हटलं, नाही.
नाही म्हणताना जीभ चावली गेली, रक्त आलं,
मी ते गिळून अर्जावर सही केली.

जुलैत सार्तोरीबाई मिळाली. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
हीटर फुरफुरत होता, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं.
मी ठरवून गेले होते, ही शेवटची.
ती म्हणाली, जिन्याबद्दल माफ करा, आणि हसली,
आणि मला दिसलं,
वरचा पुढचा दात खोटा. रंग एक छटा फिकट,
हिरडीपाशी बारीक काळी रेघ.
घाईचं काम, माझ्या हातचं असतं तर परत पाठवलं असतं.

म्हणजे हिचंही कधीतरी काही फुटलंय.
कुणीतरी ते जेमतेम बसवून दिलंय,
आणि ही त्याच तोंडाने हसते.

तिने एवारिस्तोबद्दल विचारलं नाही.
म्हणाली, रात्री घरात काय ऐकू येतं तुम्हाला?
मी तोंड उघडलं
तर निघाली आईची कवळी.
पाण्याच्या पेल्यातली, आई गेल्यावर तीन आठवडे तशीच,
पाणी मीच बदलायचे,
आणि हे मी कुणालाही, कधीही.
पुढचं वाक्य मला आलं नाही. तिने घड्याळ पाहिलं नाही.

गुरुवारी परत, साडेपाचला. बरं वाटलं असं म्हणणार नाही.
जबडा दुखत होता, खूप वेळ उघडा ठेवल्यासारखा.

घरी आले तर स्वयंपाकघरातून आवाज आला.
आवाज, चिठ्ठी नव्हे.
"कुठे होतीस?"
"दातांचं काम होतं," मी म्हटलं.
बूट काढले. एक काढला, दुसरा तसाच.
मग म्हटलं, "नाही."