रकाना सहावा

कचेरी फक्त बुधवारी उघडते, नऊ ते बारा.
शेजारी गावचा आगीचा बंब. भिंतीला टेकवलेले
गेल्या निवडणुकीचे घडीचे आडोसे.
मधे मिसेस थर्स्टन, आणि तिची लोखंडी तिजोरी,
जिच्यात पैसे नाहीत, माणसं आहेत.

‘पेन नको. पेन्सिल चालेल. हात कोरडे हवेत.’
बाहेर व्हरमॉन्टचा फेब्रुवारी. मी हातमोजे काढते,
तळवे पँटला पुसते,
तपासणीच्या दिवशी शाळेत पुसायचे तसे.

मला ग्रीनवूड हवेत.
माझं माहेरचं नाव. बाबांच्या जेवणाच्या डब्यावर
पांढऱ्या रंगाने लिहिलेलं;
तो डबा बेचाळीस वर्षं ग्रॅनाइटच्या शेडमध्ये गेला-आला.
१८९३ पर्यंत मागे जाता येतं.
जन्म, लग्न, मृत्यू, मृत्यू.
कारण: दगडफोड्यांचा क्षय.
कारण: दगडफोड्यांचा क्षय.
कारण: दात येताना.
त्याच्या मागे एकही ग्रीनवूड नाही.
जणू आम्ही एका वर्षी उगवलो,
सगळे एकदम, दाढीमिशांसकट.

मिसेस थर्स्टन चष्म्यावरून बघते.
‘फ्रेंच का तुम्ही?’
असू. बोट पोळलं की आजोबा जे म्हणायचे
ते इंग्रजी नव्हतं खास.
‘मग ब मध्ये बघा. ब्वावेर.’

होते की. ब मध्ये, दाटीवाटीने.
कारकून वॉल्डो पीस्ली, अडतीस वर्षं याच टेबलावर.
त्याने ऐकलं तसं लिहिलं:
एका साली बोआवर, पुढच्या साली बूवेअर,
आणि एका कडाक्याच्या जानेवारीत चक्क बीव्हर.
ओनेसिम बीव्हर, मजूर. जन्म: कॅनडा.
कॅनडात कुठे, ते नाही. कॅनडा म्हणजे वरचं काहीतरी.
मग कुणीतरी त्याला अर्थ सांगितला असणार,
ब्वा म्हणजे रान, वेर म्हणजे हिरवं,
आणि तो दमलेला असणार.

मी त्याच्यावर चिडायचं ठरवून बसले होते.
पण अक्षर बघा. कुठेही शाई फुटलेली नाही.
‘मुलगी. नाव नाही. तीन तास.’
हेही तितकंच वळणदार, तितकंच सावकाश.
कानाने कच्चा होता, पण
एकही बाळ गाळलं नाही त्याने.

१४ मार्च १८८८. एल्फेज. माझे आजोबा.
रकाना पाचवा, आई: एक्झिल्डा, वय एकोणीस, घरकाम.
रकाना सहावा, बाप:
इथे कागद खरवडलाय. चाकूने, जपून,
भोक न पाडता.

पान खिडकीकडे धरलं तर
त्या जागेतून उजेड जरा जास्त येतो. एवढंच.
‘चुकलं की खरवडायचे तेव्हा,’ मिसेस थर्स्टन म्हणते.
चुकलं म्हणजे?
ती खांदे उडवते, आणि बंबाकडे बघत राहते.

मी पानाची मागची बाजू बोटाने चाचपते.
टाक दाबून लिहिला असेल तर मागे उठतं.
एक उभी दांडी लागते. वरच्या अंगाला पोट.
प असावा.
पार्कर. पर्किन्स. पॅकर्ड. गाव भरलंय प-ने.
पानाच्या तळाशी सहीतही एक प आहे,
दांडी तशीच, पोटही.
मी दोनदा बोट फिरवते. तिसऱ्यांदा नाही.

बाराला पाच कमी. तिजोरीचं दार जड आहे,
आम्ही दोघी मिळून लोटतो.
‘अभ्यागतांच्या वहीत नाव लिहायचंय.’
सांगते, अक्षर अक्षर सुटं करून:
डेल्फीन.
मी तिच्या पेनाकडे बघत नाही, कानाकडे बघते.
ती लिहिते डेल्फिना.

मी राहू देते.