नाड्या

पहाटे साडेतीनला, सलमाबादच्या खोलीत,
एसीची घरघर चालू असताना
शफीकुल माझ्या खाटेशी उकिडवा बसायचा
आणि माझ्या सेफ्टी बुटांच्या नाड्या बांधायचा.
एक वर्ष दोन महिने.
मी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं.
एकदाच म्हणाला, फार घट्ट तर नाही ना, काका?

मग मी क्रेनवर चढायचो.
दोनशे बारा पायऱ्या. दर तिसऱ्या टप्प्याला
डावा पाय कुणा दुसऱ्याचा होतो,
त्याला हातानं उचलून वर ठेवावं लागतं.
केबिनमध्ये बसलो की आठ टनांचा सळ्यांचा भारा
दोन बोटांनी समुद्राच्या बाजूनं फिरवून
अठ्ठाविसाव्या मजल्यावर असा टेकवतो
की तिथल्या पोराच्या हातातला चहा हलू नये.
पण मोजा खाली पडला, तर पडला.

डॉक्टर हातेम इजिप्तचे. फिल्म उजेडाला धरून म्हणाले,
हा चौथा मणका, हा पाचवा,
मधली गादी सरकली आहे, नस तिच्याखाली.
मला दिसलं ते असं: काळ्या पाण्यात
एकावर एक रचलेले कंटेनर, त्यातला एक तिरका.
शंभरातले सत्तर बरे होतात, म्हणाले.
आणि तीस?
तीस तसेच राहतात. थोडे बिघडतात.
माझ्या लोड चार्टमध्ये असलं काही नसतं.
या कोनात, इतक्या लांबीवर, इतकं वजन:
उचलायचं, नाहीतर नाही उचलायचं.
सत्तर टक्के उचललेली तुळई मी कधी पाहिलेली नाही.

कंपनीचा हिशोब वेगळा. ऑपरेशन विम्यात बसतं,
नंतरचे तीन महिने बसत नाहीत.
फोरमननं प्रेमानंच समजावलं,
शिडी चढत नाही त्याला ऑपरेटर म्हणत नाहीत.
कुरियननं गेल्या वर्षी करून घेतलं,
आता तो स्टोअरमध्ये हेल्मेटं मोजतो
आणि म्हणतो, झोप लागते रे, झोप!
पगार निम्मा झाला, हे झोपेनंतर सांगतो.

सुलभा फोनवर म्हणते, मिरजेला या, इथं करू.
मग थांबते. त्या थांबण्यात
शाल्मलीचं कॉलेजचं दुसरं वर्ष असतं,
स्लॅबपर्यंत आलेलं घर असतं.
मग म्हणते, तुम्ही काय ते ठरवा.

आमच्या घरात दुखणं अंगावर काढतात.
बापानं काढलं, आईनं तर शेवटपर्यंत,
जणू धुऊन धुऊन पुन्हा घालायचा सदराच तो,
धाकट्यालाही होईल म्हणून जपलेला.

शमाल सुटला की केबिनमध्ये भोंगा वाजतो.
मग कुणाला विचारायचं नसतं.
हुक वर घ्यायचा, बूम मोकळा सोडायचा,
वारा फिरवेल तसा फिरू द्यायचा.
परवा दीड तास तसाच बसून होतो.
समोर सितराच्या टाक्या धुळीत बुडालेल्या.
पाठीला असा भोंगा असता तर.

शुक्रवारी शफीकुल गेला. नोआखालीला, कायमचा.
खाटेखाली माझे बूट पुसून ठेवलेले,
नाड्या काढून जागोजाग इलॅस्टिक ओवलेलं,
शेजारी बूट चढवायची हातभर लांब पत्र्याची पट्टी.
आता वाकायला नको, एवढंच म्हणाला होता.

शनिवारी पहाटे उभ्या उभ्या पाय घातला.
गेला आत. सहज.
असंच अजून पाच वर्षं जाईल, हे दिसलं मला,
आणि पहिल्यांदाच भीती वाटली.

संमतीपत्र अरबीत होतं, इंग्रजीत होतं.
मी मराठीत सही केली, जरा तिरकी.
सोबत कोण, नर्सनं विचारलं.
मी एक नंबर सांगितला, बांगलादेशचा.
नातं?
ती पेन धरून थांबली, मीही थांबलो.
मग तिनं कागद बाजूला ठेवला,
माझे बूट काढायला खाली वाकली
आणि नाड्या शोधू लागली.